चार बोटं वर

आमचे सुभेदारमामा भेटायला आलेल्या माणसाकडे आधी बघायचेच नाहीत. आधी खाली वाकून त्याच्या गाडीच्या पोटाखाली बघायचे. पाहुणा हात जोडून दारात उभा आणि यजमान त्याच्या मोटारीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलेला, हे दृश्य कुंडलला माझ्या आजोळी इतकं नेहमीचं होतं की जुने पाहुणे चपला काढून सरळ आत जायचे. नवे गडबडायचे. मी सांगलीत नवी कोरी गाडी घेतली आणि पेढे द्यायला गेलो, तेव्हा वाटलं होतं, मामा रंग बघतील, आतला गारवा बघतील, निदान मागचं दाखवणारा कॅमेरा तरी बघतील. मामा एक हात जमिनीला टेकून आडवे झाले, खालून बघून उठले आणि विजार झटकत म्हणाले, "लय बुटकी हाय रं. वाटंत गोगलगाय बसली तर तुला थांबायला लागंल."

पेढा मात्र दोनदा घेतला.

फौजेत त्यांची सगळी नोकरी गाड्यांच्या तुकडीत गेली. कुठल्या कुठल्या डोंगरात, बर्फात गाड्या नेल्या आणि दुरुस्त केल्या. त्या गोष्टी ते फारशा सांगत नसत, पण तिथून आणलेलं एक वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. "वरनं समदीच चांगली दिसत्यात. खालनं बघितल्याबिगर कळत न्हाई." माझ्या बहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा घरातली मोठी माणसं त्याचं शिक्षण, शेती, भाऊबंद असं सगळं विचारत बसली होती. मामा मधेच उठून बाहेर गेले, मुलाच्या मोटारसायकलीखाली डोकं घालून आले आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगं बरं हाय. चेनला तेल हाय." लग्न ठरलं. आमचे मेहुणे आता पोक्त झालेत, पण आजही सासुरवाडीला निघण्याआधी चेनला तेल घालतात.

निवृत्त झाल्यावर मामांनी एक जुनी, कॅनव्हासच्या टपाची जीप घेतली. तिला ते रोज धुवायचे, आणि स्टिअरिंगला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मामी त्या जीपला 'तुमची पलटण' म्हणायची. "जेवायला येताय, का पलटणीबरोबरच जेवताय?" असं स्वयंपाकघरातून ओरडायची. पण डाव्या बाजूची पुढची सीट तिची. तिथं दुसरं कुणी बसलं की मामा नुसते त्याच्याकडे बघत राहायचे. तो आपोआप मागे जायचा.

मामीचं माहेर म्हणजे कोयनेच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवरची एक वाडी. घाटातलं डांबर संपलं की पुढे मातीची वाट. वाडीत तिचं एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण आक्का. आक्काची कंबर धरलेली, तिला खाली उतरता येत नव्हतं. मामीचे गुडघे गेलेले, तिला चालत वर चढता येत नव्हतं. मधे काय ती जीप. दर वर्षी वाडीच्या देवीच्या जत्रेला मामा मामीला जीपने थेट आक्काच्या दारात नेऊन सोडायचे. वर्षातनं बहिणी भेटायच्या त्या तेवढ्याच.

एका वर्षी पावसाने वाटेवरची माती धुऊन नेली आणि वाटेच्या मधोमध खडकाचा कणाच वर आला. त्या जत्रेला मीही बरोबर होतो. जीप अर्ध्या वाटेत त्या खडकावर पोट टेकून बसली, ती बसलीच. वरच्या वळणावर आक्का काठी टेकून उभी होती. तोंड दिसत नव्हतं, आवाज येत होता. मग दोघी बहिणी तिथूनच एकमेकींशी ओरडून बोलल्या. म्हैस व्याली का, जावेचं बरं आहे का, तू औषध घेतीस का. वाडीतली चार माणसं खाली आली आणि म्हणाली, मावशीला डोलीत घालून नेतो, आजारी माणसाला आम्ही नेतोच की. मामीने पदर घट्ट खोचला. "जित्तेपणी चौघांच्या खांद्यावर न्हाई जायची मी. मेल्यावर हायच की."

पुरणपोळ्यांचा डबा तेवढा त्यांच्याबरोबर वर गेला. आम्ही जीप मागे ओढून काढली आणि परतलो.  घाटात शीळ घालायची मामांची सवय, ती त्या दिवशी बंद होती.

घरी आल्यावर मामा जीपखाली शिरले. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला. "गाडीची काय चूक न्हाई. वाटंतला धोंडा वर आलाय. आता आपून बी चार बोटं वर जायचं."

पुढच्या जत्रेच्या आधी मला फोन आला. "रविवारी ये. जुनी कापडं घालून ये, आन् त्वांड गप ठेव." मी पतसंस्थेत व्याजाची गणितं करणारा माणूस. पण जाण्याआधी मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून ठेवले. त्यात लखलखीत फरशीवर उभी राहून, हातावर गोंदवलेली माणसं कॉफी पीत पीत जीप उंच करत होती. मी मामांना उत्साहाने म्हणालो, "मामा, तिकडं तयार सामानाचा सगळा संचच मिळतो." मामा म्हणाले, "तिकडं आक्का न्हाई."

सांगलीतल्या एका गॅरेजवाल्याकडून त्यांनी चाकांवरच्या स्प्रिंगचे जास्त बाक दिलेले नवे पाटे बनवून घेतले होते. शिवाय लांब शॉकॲब्झॉर्बर, आणि गाडी उंच झाल्यावर ताणून तुटू नयेत म्हणून ब्रेकच्या लांब रबरी नळ्या. अंगणात जीप जॅकवर घेतली, सांगाड्याखाली लोखंडी घोड्या लावल्या आणि चाकं काढली. चाकं नसलेली जीप कवळी काढून बसलेल्या आजोबांसारखी दिसत होती. जुने नट गंजून एकजीव झालेले. मामा त्यांच्यावर तेल सोडायचे, हातोडीने हलके ठोकायचे आणि त्यांच्याशी बोलायचे. "चल बाबा, लय वर्सं झाली, सोड आता." माझ्याकडे काम होतं बॅटरी धरायचं. तेही मला जमेना. मी जिकडं बघायचो तिकडं उजेड जायचा. "सांगलीकर," खालून आवाज आला, "मी काय करतोय त्यावर उजेड पाड. तू काय बघतोयस ते मला नगं दाखवू."

संध्याकाळी नवे पाटे बसले, आणि मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. मामा चहा प्यायला गेले तेवढ्यात मी पाट्यांच्या टोकांचे सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. गाडी जमिनीवर उतरवून गल्लीत फिरवली, तर प्रत्येक खड्ड्याला ती अशी कुरकुरायला लागली की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. मामांनी उतरून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "हवेत असताना आवळलंस व्हय? गड्या, गाडी चाकावर आली की पाटा सरळ होतो, तवा आतलं रबर पिळून निघतं. वजन येऊ दे, मग आवळ." त्यांनी सगळे बोल्ट सैल केले, आम्ही दोघांनी जीपवर उड्या मारल्या, म्हणजे मी मारल्या आणि त्यांनी मोजल्यासारखं केलं, आणि मग आवळले. पुढे माझी मुलगी दहावी झाली आणि मी तिच्या कॉलेजचं, नोकरीचं, लग्नाचंही बोलायला लागलो, तेव्हा मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हटलं, "वजन येऊ दे, मग आवळ."

जीप खरंच चार बोटं वर गेली. शिवाय मोठी टायरं घातल्यामुळे आणखी थोडी. मामांनी तिची कसून परीक्षा घेतली. उसाच्या सरीवरनं नेली, ओढ्यातनं काढली, बांधावर तिरकी उभी केली. शेजारच्या सीटवर मामीच्या ऐवजी खताची दोन पोती ठेवली होती. "माझं वजन दोन पोती, हे कुणी ठरवलं?" मामीने विचारलं. मामा आणि मी, दोघांनीही लगेच दुसरीकडे बघितलं.

जत्रेच्या सकाळी मामी नवं इरकल नेसून, पुरणपोळ्यांचा डबा छातीशी धरून जीपपाशी आली. एक हात दांडीला लावला, एक पाय उचलला, आणि तसाच खाली ठेवला. परत उचलला. परत ठेवला. तेव्हा आमच्या ध्यानात आलं. पोत्यांना चढवताना आम्ही उचलून ठेवलं होतं, आणि पोत्यांनी काही तक्रार केली नव्हती.

मी धावत जाऊन स्टूल आणलं. "स्टुलावरनं पडूनच हे गुडघे गेल्यात," मामी म्हणाली. "ते न्हे आत." मी म्हटलं, आपण दोघं धरून उचलू. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी डबा धरायला घेतला. गल्ली जमायला लागली होती. मग मामांनी टोपी नीट केली आणि सगळ्यांदेखत जीपशेजारी एक गुडघा जमिनीला टेकून बसले. दुसऱ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "ठेव पाय. चढ."

मामी दोन पावलं मागे सरली. "आवं, काय करताय? उठा आधी! तुमास्नी पाय लावू व्हय मी?"

"मीच सांगतोय न्हवं?"

"तुमी सांगशीला. देवीला जायचं, आन् वाटंला लागायच्या आधी नवऱ्याच्या अंगावर पाय? उठा. न्हाई जायचं मला. आक्काला निरोप धाडा."

'निरोप धाडा' म्हणताना तिचा आवाज बदलला. मामा उठले. सरळ गोठ्यात गेले आणि कुदळ-फावडं घेऊन आले. मला वाटलं, राग शेतावर काढायला निघाले. त्यांनी अंगणात जीपच्या चाकांच्या अंतरावर दोन चर आखले आणि खणायला लागले. चांगले गुडघाभर खोल, पुढच्या टोकाला उतार. मला कळलं तेव्हा मीही फावडं घेतलं, जत्रेच्या पांढऱ्या पँटीसकट. उकरलेली माती डाव्या कडेला टाकून थापली, तिचा ठेंगणा बांध झाला. समोरच्या घरातले आबा कट्ट्यावरनं म्हणाले, "सुभेदार, इतकी खटपट करून गाडी वर केलीसा, आन् आता जमीन खाली करताय व्हय?"

मामा खणता खणता म्हणाले, "गाडी वाटंसाठी वर केली, आबा. जमीन हिच्यासाठी खाली करतोय."

जीप उलटी घेऊन चरात उतरवली. मामी बांधावर चढली, पायाने माती दाबून बघितली, आणि खोलीत शिरावं तशी सरळ आपल्या सीटवर जाऊन बसली. डबा मांडीवर घेतला. "चला की आता," म्हणाली, जणू आम्हीच उशीर केला होता.

त्या प्रवासात मामांची नजर रस्त्यावर कमी आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यांवर जास्त होती. चहाला थांबायचं तर चांगलं हॉटेल बघायचं नाही, चांगला बांध बघायचा. घाट चढताना शीळ सुरू झाली. डांबर संपलं, तो खडकाचा कणा आला. मामांनी गाडी हळू केली, मामीने दांडी धरली, मी मागे डोळे मिटले. खालून काहीच आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा खडक मागे गेला होता.

वाडीत त्यांनी जीप भाताच्या खाचरात उतरवून लावली, बांध बरोबर मामीच्या सीटशी. मामी उतरली. आक्का काठी टेकत आली आणि बहिणीला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "किती वाळलीस गं!" दोन पोत्यांच्या वजनाची मामी लहान पोरीसारखी तिच्या गळ्यात पडली. मी मामांना शोधायला लागलो. ते जीपच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून पोटाखाली बघत होते. खाली एक ओरखडाही नव्हता. तरी बराच वेळ बघत होते.

त्यानंतर कुंडलच्या अंगणातले ते दोन चर कायमचे झाले. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं, कोंबड्या प्यायच्या, पाहुणे अडखळायचे. जत्रा जवळ आली की मामा ते साफ करायचे. माझ्यातही त्यांचं काहीतरी उतरलं असणार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी मी गाडीखाली वाकून बघतो. शेजाऱ्यांना वाटतं, मी गाडीच्या पाया पडतो. वाटू दे.

मामा गेल्या थंडीत गेले. झोपेतच. जत्रा आली तशी मी मामीला म्हटलं, मी नेतो. आणि आपली हुशारी दाखवायला सांगलीहून जीपला छान पायरी बसवून आणली. पाय सरकू नये म्हणून खडबडीत पत्रा, धरायला कडी. बाकी नवे पाटेही आता वजनाने बसून जीप थोडी खाली आली आहे. मामीने पायरीवरून हात फिरवला, कडी ओढून बघितली.

"चांगली केलीस रं," म्हणाली. "असू दे. पर गाडी चरात घे."

मी फावडं आणलं, चर साफ केले, बांध थापला आणि जीप उलटी आत घेतली. मामी बांधावरनं आपल्या सीटवर जाऊन बसली, डबा मांडीवर घेतला. मी स्टिअरिंगवर हात ठेवला, तशी ती समोर बघतच म्हणाली, "खालनं बघितलंस का?"

उतरलो. मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो आणि बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. तरी उठायला जरा वेळ लागला.