करीमचाचांचं कातरण

गोधडी शिवताना हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं राहतं. एका गोधडीला महिना लागतो. महिनाभर रोज दुपारी तीन बायका एका ओसरीवर बसल्या, तर किती बोलणं होत असेल! आमच्या ओसरीवर गेली दोन वर्षं हेच चाललं आहे. माझ्याकडे सुया ओवायचं काम. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्यासमोर कोणी आवाजही खाली करत नाही. शाळेच्या वहीची मागची पानं त्यांच्याच किश्शांनी भरून गेली. त्यातले काही इथे नीट उतरवून काढते.

बायका तीन. एक माझी आई. दुसऱ्या शेजारच्या मथुरामावशी. त्यांचं शेत शहागडच्या रस्त्याला आहे, आणि आपल्या बोलण्याचं कोणाला काय वाटेल याचा विचार त्या करत नाहीत. तिसऱ्या हमीदाखाला. त्यांचे मालक करीमचाचा म्हणजे अंबडच्या पेठेतले जुने शिंपी.

सगळ्यांच्या घरी गोधड्या जुन्या लुगड्यांच्या. आमच्या गोधडीचं पोटही जुन्या लुगड्यांचंच, पण वरून लागतं करीमचाचांच्या दुकानातलं कातरण. अंमलदारांच्या शेरवान्यांमधून उरलेला वेलबुट्टीचा हिमरू, लग्नाच्या चोळ्यांचं साटन, कधी मखमलीचा तुकडा. अशी गोधडी कोणी स्वतःला पांघरत नाही. ती द्यायची. बाळंतिणीला, नाहीतर सासरी निघालेल्या मुलीला.

यात धोका एकच, आणि तो करीमचाचांना. उरलेलं कापड शिंप्याचं की गिऱ्हाइकाचं, हे आमच्या गावात कोणी लिहून ठेवलेलं नाही. बोटभर उरलं तर शिंप्याचं, हातभर उरलं तर गिऱ्हाइकाचं, एवढं सगळे मानतात. भांडणं होतात ती मधल्या मापावरून. त्यात लढाईपासून कापडावर कंट्रोल आला. जालन्याकडच्या एका शिंप्याचं मशीन कापडचोरीच्या नुसत्या संशयावरून उचलून नेलं म्हणतात. तेव्हापासून वितीपेक्षा मोठा तुकडा खालाच्या पिशवीत पडता कामा नये, असा चाचांचा नियम आहे. पिशवी हातात देताना ते दर वेळी बजावतात, "वीत म्हंजे बाईची वीत. माझी न्हाई."

*

या नियमाआधीची एक गोष्ट. मथुरामावशींच्या भाचीच्या बाळाचं बारसं होतं. आमची गोधडी पाळण्यात अंथरली होती. पेठेतल्या वकिलीणबाई वाकून बघायला गेल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. हिरवं साटन त्यांच्या चोळीचं निघालं. मग त्यांच्या जाऊबाईंना आपला जांभळा तुकडा सापडला. बघता बघता पाळण्याभोवती गर्दी झाली. कोणी म्हणे हा माझ्या सुनेचा, कोणी म्हणे हे आमच्या लग्नातलं. एकीने तर बाळाचा पाय उचलून खालचा काठ तपासला.

हमीदाखालांचा चेहरा उतरला. एवढ्या बायकांपैकी एकीने जरी घरी जाऊन मालकाला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दुकानासमोर भांडण उभं राहिलं असतं.

मथुरामावशींनी पदर खोचला आणि गर्दीत शिरल्या. "बायांनो, कापड वळखून झालं असंल तर लेकराकडं बी बघा. नाक कोणाच्या घरचं हाय ते सांगा."

नाकावरून सासर आणि माहेर असे दोन पक्ष पडले. साटनाचं नाव पुन्हा निघालं नाही.

*

गोधडीची शेवटची बाजू शिवायच्या आधी तिच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायचा असतो. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाराला ऊब देत नाही, असं आमच्याकडे मानतात. तुकडा वाळलेला आणि नखाएवढा. नियम सोपा आहे.

आईच्या भाचीसाठी, जाफराबादला पाठवायची गोधडी होती. त्या दिवशी सण होता आणि घरात भाकरी नव्हती. मथुरामावशींनी चतकोर पुरणाची पोळी आणली आणि वर तुपाचं बोट लावून कोपऱ्यात सरकवली. आई नको म्हणत होती. मावशी म्हणाल्या, पोरीचं सासर कंजूष आहे, निदान गोधडीला तरी पोटभर मिळू दे.

पंधरा दिवसांनी भाचीचं कार्ड आलं. ते मी वाचून दाखवलं. "गोधडी मिळाली. फार सुंदर आहे. आम्हाला मिळायच्या आधी मुंग्यांना मिळाली होती. त्यांनाही आवडली."

आई दोन दिवस मावशींशी बेताचंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःलाच हसू आलं.

*

मथुरामावशी आणि हमीदाखाला यांचं शिवण्यावरून कधी जमत नाही. मावशींचे टाके शेतातल्या सऱ्यांसारखे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. खालांना वाटतं की हिमरूवरची वेल जिकडे वळते तिकडे टाक्यानेही वळावं. एकदा दोघी रुसल्या. समोरासमोरच्या टोकांना बसून आपापल्या पद्धतीने शिवत आल्या. महिन्याअखेर मध्यावर गाठ पडली, तेव्हा दोघींच्या टाक्यांमध्ये चार बोटं जागा मोकळी राहिली होती. ती कोणाच्याच ओळीत बसेना.

खालांनी विचारलं, "आता ह्याचं काय सांगायचं लोकांना?"

मावशींनी सुई केसात खोवली. "औत वळवायला जागा सोडली म्हणायचं."

ती गोधडी तशीच दिली. ज्यांना दिली त्यांनी ती नवी फॅशन समजून घरातल्या दुसऱ्या गोधडीतही चार बोटं जागा सोडली!

*

एक किस्सा माझाही आहे. मागच्या वर्षी आईने मला पहिल्यांदा कडेचे टाके घालायला दिले. मी मांडीवर गोधडी घेतली आणि मान खाली घालून दुपारभर शिवत राहिले. टाके इतके बारीक आले की मला माझंच कौतुक वाटलं. तेवढ्यात शाळेच्या बाई अचानक घरी आल्या. मी पुढे शिकावं, हे आईला सांगायला त्या आल्या होत्या. आईने मला पाणी आणायला सांगितलं. मी उठायला गेले, तर गोधडीही माझ्याबरोबर उठली. माझा परकर तिला शिवला गेला होता, चांगला हातभर.

मी पुन्हा खाली बसले. आईने दुसऱ्यांदा सांगितलं. मी जमिनीकडे बघत राहिले. बाई समजुतीने म्हणाल्या की मुलगी हुशार आहे, पण फार लाजते.

मथुरामावशींनी गोधडीची कड उचलून पाहिली. "लाजत न्हाई बाई. शिवल्या गेली."

बाई इतक्या हसल्या की पाणी त्यांनी स्वतःच घेतलं. माझं पुढच्या वर्गात जायचं त्याच बैठकीत ठरलं. तेव्हा मी उठून आत जाऊ शकत नव्हते, म्हणून सगळं बोलणं मला ऐकायला मिळालं.

*

आता या थंडीतली गोष्ट. इथल्या तहसीलदारसाहेबांना मुलगी झाली. बेगमसाहेबांचं माहेर लांब, हैदराबादला. शिवलेले कपडे पोचवायला हमीदाखाला त्यांच्याकडे जातात, ही बातमी त्यांनीच आणली. आई म्हणाली की पहिल्या लेकीला माहेरची गोधडी पाहिजे, आणि माहेर येत नसेल तर आपण द्यावी. त्यावर चर्चा झाली नाही. दुसऱ्या दिवशी कापड अंथरलं.

मधल्या फुलासाठी खालांच्या पिशवीत या वेळी फार सुरेख हिमरू निघाला. मोरपंखी, त्यावर सोनेरी वेल. चार मोठे त्रिकोण होते. खालांनी वीत लावून पाहिली, बरोबर वीतभर. आईने ते मध्यभागी जोडले. महिनाभर तिघींनी त्यावर इतके टाके घातले की फूल गोधडीतच उमललं आहे असं वाटावं.

द्यायच्या दिवशी बेगमसाहेबांनी टांगा पाठवला. करीमचाचा गोधडी बघायला ओसरीवर आले. मी ती उलगडून धरली. चाचांनी मधलं फूल पाहिलं आणि ते पायरीवर बसले.

मग सगळं कळलं. तो हिमरू तहसीलदारसाहेबांच्या शेरवानीचा होता. साहेबांनी औरंगाबादेहून कापड आणून शेरवानी आणि त्याच कापडाची टोपी शिवायला टाकली होती. चाचांनी कापताना दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. टोपीच्या कापडातून त्यांनी उजवी बाही काढली आणि साहेबांना सांगितलं की टोपीला कापड पुरलं नाही. चूक कबूल करायची लाज वाटली. जादा झालेल्या बाहीत टोपीची वेल जुळेना, म्हणून तिचे चार तुकडे करून ते त्यांनी फळीवर मागे ठेवले होते. खालांनी फळी झाडताना ते पिशवीत भरले होते.

"आता साहेब म्हन्तील टोपीचं कापड शिंप्यानं चोरलं," चाचा म्हणाले. "अन् आपल्या हातानं त्यांच्याच घरी नेऊन दिलं."

फूल उसवावं तर महिन्याचे टाके त्यातून गेलेले. जाऊ नये तर टांगा दारात उभा. मथुरामावशी म्हणाल्या की घडी घालून द्यायची, फूल आत ठेवायचं, आणि चहा न घेता उठायचं. खालांनी बुरखा घातला. आम्ही चौघी टांग्यात बसलो. चाचा दुकानात गेले नाहीत, आमच्या पायरीवरच बसून राहिले.

बेगमसाहेब माझ्या मोठ्या बहिणीएवढ्याच असतील. त्यांनी घडी घेतली आणि आम्ही काही म्हणायच्या आत पलंगावर उलगडली. मोरपंखी फूल वर आलं. त्यांचं बोट एका वेलीवर फिरलं, मग थांबलं. बाजूच्या त्रिकोणावर गेलं, तिथेही थांबलं. त्यांनी हमीदाखालांकडे पाहिलं. खाला जमिनीकडे बघत होत्या.

तेवढ्यात दाराशी खोकल्याचा आवाज आला. साहेब मुलीला बघायला आले होते. आई आणि मावशींनी पदर पुढे ओढले. पडदा बाजूला झाला आणि साहेब उंबऱ्यातच उभे राहिले. अंगात तीच शेरवानी होती.

बेगमसाहेबांनी पाळण्यातून मुलीला उचललं आणि बरोबर फुलावर निजवलं. वरून तिचं दुपटं सैल करून चारी बाजूंनी पसरलं. साहेब लांबूनच माशाल्ला म्हणाले. गोधडी कोणी दिली ते त्यांनी विचारलं, आम्हाला शुक्रिया म्हणाले आणि कचेरीकडे निघून गेले.

त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली. मग बेगमसाहेबांनी मुलीचं दुपटं नीट केलं, तिच्या पायापासून गोधडीच्या काठापर्यंत हाताने अंतर मोजलं आणि खालांना म्हणाल्या,

"करीममियाँ से कहना, अगली शेरवानी में कपडा थोडा और कम पडने दें. हमारी बच्ची लंबी होगी."