एका पायावरचा देव

निवृत्तीच्या आदल्या वर्षातली ती घटना अजून जशीच्या तशी आठवते.

पवनानगरजवळच्या एका गावात, जुन्या देवांच्या तसबिरी ठेवतात त्या वडाखाली हळदकुंकू लावलेला, मातीत रोवलेला एक चित्राचा पत्ता, खेळायच्या पत्त्यासारखा, सापडला होता. आदल्या दिवशी गावात एक म्हैस मेली होती. सकाळी आमच्या ठाण्यातल्या हवालदाराने जाऊन पंचनामा केला आणि रीतीप्रमाणे पंचांना वाचून दाखवला: ‘एका पायाने उलटा टांगलेला पुरुष, हात पाठीमागे.’

दुपारी पोलीस पाटलांचा फोन आला. “साहेब, लवकर या. करणी केली म्हनून मावशीला गावाबाहेर काढाया निघाल्यात.”

मावशी म्हणजे धरणाकाठच्या पर्यटकांच्या तंबूंवर झाडलोट करणारी, एकटी राहणारी बाई. पत्ता ठेवताना तिला दोघांनी पाहिलं होतं. तिला ठाण्यात आणलं.

“कोणावर केलं हे?” मी विचारलं.

“कुनावर न्हाई. तंबूच्या कचऱ्यात घावला. देव कचऱ्यात टाकायचा व्हय?”

“उलटा टांगलेला देव?”

“उलटा कुटं? एका पायावर तप करतोय. डोळं हायेत न्हवं तुमास्नी?”

हवालदार हसला. मी पत्ता उजेडात धरला. माती चित्रातल्या पायाकडच्या कडेला लागली होती. म्हणजे तिने तो डोकं वर करून रोवला होता. हवालदाराला विचारलं.

“साहेब, इंग्रजी अक्षरं वाचायला मी फिरवला,” तो म्हणाला.

तंबूंच्या नोंदवहीवरून पत्त्याची मालकीण मिळाली. पुण्याची, टॅरोच्या चित्रपत्त्यांवरून भविष्य सांगणारी बाई. तिला फोन लावला.

“तो उलटाच असतो,” ती म्हणाली. “पण ही फाशी नाही. चेहरा शांत आहे. डोक्यामागे चर्चमधल्या संतांसारखं वलय आहे. पायांची फुली आणि हातांचा त्रिकोण ही किमयागारांची खूण मानतात. हलक्या धातूचं सोनं झालं, काम पुरं झालं, अशी.”

संध्याकाळी वडाखाली पत्ता मावशीने रोवला होता तसा, डोकं वर धरून सगळ्यांना दाखवला.

“मग माजी म्हैस कशानं मेली?” एकाने विचारलं.

“ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. मावशींना कोणी त्रास दिला, तर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा तुमच्यावर.”

सगळ्यांना पटलं असं नाही. पण लोक पांगले आणि मावशी आपल्या घरी गेली.

सापडलेली वस्तू उचलण्याआधी ती कशी होती ते लिहा, असं त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक नव्या शिपायाला सांगत राहिलो. गावाच्या मनात संशय आधीपासून होता. त्याला सरकारी कागदाचा आधार मिळाला तो आमच्या पंचनाम्यातून.