मामांचं बसणं

अख्ख्या जव्हार संस्थानात आमच्या मामांइतका आळशी माणूस झाला नाही आणि पुढे होणारही नाही, असं मी एके काळी छातीठोकपणे सांगत असे. एकदा तर भर उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगितलं. ते खोटं होतं. खोटं आहे हे त्या दिवशी तिथे असलेल्यांपैकी दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि मामांना. ते बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. पुढे बोलायला मला तेरा वर्षं लागली, त्यावरून आळशी कोण हे वाचणाऱ्यांनीच ठरवावं.

मामा माझे नात्याने कुणी नव्हेत. ते आमच्या ख्रिस्ती देवळाची घंटा वाजवत, आणि सगळा पाडा त्यांना मामा म्हणे म्हणून मीही म्हणत असे. मी नगरकडचा, वय सव्वीस, खिशात मिशनने दिलेलं घड्याळ आणि डोक्यात या डोंगरातल्या माणसांना उद्योगी करायचा ध्यास. जव्हारच्या वेशीबाहेर कारवीच्या कुडाचं आमचं देऊळ होतं. आठवडाभर तीच शाळा असे, आणि दोन्हींचा मास्तर मीच. मामांबद्दल इथे मी आदराने लिहितो आहे खरा, पण तेव्हा माझ्या दुप्पट वयाच्या त्या माणसाला मी अरे-तुरे करत असे, हेही सांगून टाकलेलं बरं.

मामांचा मुख्य उद्योग म्हणजे बसणं. देवळासमोर मोहाचं झाड होतं, त्याखाली एक चपटा दगड, आणि त्या दगडावर मामा. कुठलंही काम सांगा, मामा आधी बसत. कुंपण मोडलंय म्हटलं की मोडक्या कुंपणासमोर बसत. छप्पर गळतंय म्हटलं तर दोन दिवस छपराकडे बघत बसले, तिसऱ्या दिवशी वर चढले, एका जागचं मूठभर गवत बदललं आणि खाली उतरून पुन्हा बसले. छप्पर मग गळलं नाही, पण माझ्या लेखी त्या मूठभर गवताला तीन दिवस लागले होते. मी ओरडलो की ते शांतपणे म्हणत, "मास्तर, तुमी पण जरा टेका. उभ्या माणसाला काय दिसत नाय."

पाणी आणायला गेले तर दुपार करून येत. हंडा मात्र काठोकाठ भरलेला, एक थेंब सांडलेला नसे. "एवढा वेळ?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : "हिरीलाबी येळ लागतो ना भरायला. तिला कशी घाई करू?"

उपदेशाचा त्यांच्यावर काही परिणाम होत नसे असं नाही. होई, पण भलताच. एका रविवारी मी शलमोन राजाचा दाखला घेऊन आळशी माणसाने मुंगीकडून काय शिकावं यावर तासभर बोललो आणि बोलताना नजर मामांवरून हलू दिली नाही. उपासना संपल्यावर मामा जवळ आले. "मास्तर, कोणची मुंगी? काळी का तांबडी? तांबडीची तर आमी चटणी करतो."

"कुठलीही बघ," मी वैतागून म्हटलं, "पण बघ!"

सोमवार ते बुधवार मामा वारुळाजवळ बसून होते. पुढच्या रविवारी त्यांनी अहवाल दिला. "बघितल्या, मास्तर. चार मुंग्या वज्जं व्हातात आन दोन नुसत्या हिंडतात. पण त्या दोघींना कुणी हाकलत नाय."

त्यांची आवडती गोष्ट मार्था आणि मरीयेची. एक बहीण स्वयंपाकघरात राबते, दुसरी प्रभूच्या पायाशी बसून राहते, आणि प्रभू बसलेलीची बाजू घेतो. ती वाचून झाली की मामा माझ्याकडे बघून हसत. मी म्हणे, "अरे, ती ऐकत होती!" "मी पण आयकतोच की," मामा म्हणत.

आमचं खरं भांडण घंटेवरून होतं. उपासना आठाची. आठ वाजले की मी घड्याळ काढून दारात उभा, आणि मामा दोर खांद्यावर टाकून दगडावर, नजर समोरच्या टेकाडावरच्या पायवाटेवर. तो दोरही त्यांनी स्वतः झाडाच्या सालीचा वळलेला होता. सव्वाआठ होत, साडेआठ होत. मग सावकाश उठून ते घंटा वाजवत. मला महिने लागले हे कळायला की लांबच्या पाड्यातली एक विधवा आजी टेकाड उतरून ओढ्यापाशी आली की मामांचे आठ वाजत. ती सगळ्यांत शेवटची. मामा तिला बहीण मानत. घंटा उशिरा होत असेल, पण त्या घंटेला उशीर झालेला माणूस मंडळीत कधी नव्हता. आज मी राहतो तिथे घंटा बरोबर आठाला होते, धावत येणाऱ्याच्या तोंडावर दार लागतं, आणि मी आत बसून त्या टेकाडावरची वाट आठवत राहतो.

आता माझ्या अपराधाकडे येतो.

त्या मुलखात पाऊस यायच्या आधी राब भाजतात. रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, डहाळ्या यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि तो थर हळूहळू जाळतात. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, आणि भाताचं रोप त्या राखेत चांगलं धरतं. पेटवणं सोपं असतं, अवघड असतं ते राखण. राख गार होईपर्यंत कुणीतरी ओली डहाळी घेऊन बाजूला बसून राहावं लागतं, आणि एवढं बसणं कुणाला जमतं? म्हणून पाच-सहा पाड्यांत ज्याचा राब असेल तो मामांना बोलावी. मला हे ठाऊक होतं, पण त्याला मी काम समजत नव्हतो.

त्या वर्षी मिशनचे मोठे साहेब देऊळ बघायला यायचे होते. भिंती लिंपायच्या राहिल्या होत्या आणि मामांचा पत्ता नव्हता. मी तणतणत आजीच्या पाड्यावर गेलो. आजी पाण्याला गेली होती; त्या दिवसांत ओढा आटलेला, लांबच्या झऱ्यावरून यायला अर्धा दिवस जाई. मामा तिच्या राबाजवळ मांडीवर ओली डहाळी घेऊन बसले होते, डोळे अर्धवट मिटलेले. ज्वाळा नव्हती, धूरही नव्हता.

"ऊठ! साहेब दुपारी येतायत, आणि तू विझलेली राख राखत बसलायस?"

"वरून इझलाय, मास्तर. आतून नाय."

"मला शिकवू नकोस. आत्ता आला नाहीस तर उद्यापासून घंटेला हात लावायचा नाही."

मामांनी एकदा राबाकडे पाहिलं, एकदा आजी गेली त्या वाटेकडे पाहिलं. मग उठले. त्यांना पटकन उठताना मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

दुपारी वारा सुटला. साहेब येऊन टेकले तेवढ्यात टेकाडामागे धूर दिसला. आम्ही धावत पोचेपर्यंत आजीचं झोपडं निम्मं जळालं होतं, आणि बियाण्याची नागली कणगीसकट गेली होती. आजी डोक्यावरचा हंडा तसाच धरून उभी होती. कुणीतरी ओरडलं, "मामा झोपला असंल!" साहेबांनी मला हळूच विचारलं, "ज्याच्याबद्दल तुम्ही पत्रात लिहिता तो आळशी माणूस हाच का?"

मी म्हटलं, "होय."

तेवढाच एक शब्द. मामा तीन हातांवर उभे होते, चिखलाने हात कोपरापर्यंत माखलेले. कुणी नीट पाहिलं असतं तर तो चिखल देवळाच्या भिंतीचा आहे हे कळलं असतं. आजीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मामा माझ्याकडे बघत राहिले. ते थांबले होते, जसे रविवारी टेकाडाकडे बघत थांबायचे तसे. पण मी आलोच नाही.

रविवारी साहेबांसमोर मी निष्काळजी राखणदारावर उपदेश केला, मामांइतका आळशी माणूस संस्थानात नाही असं सांगून. इतका परिणामकारक उपदेश मी पुन्हा कधी केला नाही. मामांनी तो शेवटच्या ओळीत बसून पूर्ण ऐकला, आणि जाताना दोर नीट गुंडाळून दारात ठेवला. त्यानंतर कुणी त्यांना राबावर बोलावलं नाही. आजी त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ते पोशेऱ्याला भाच्याकडे निघून गेले. नवा घंटावाला आठाच्या ठोक्याला घंटा देई, आणि आजी, दोन-तीनदा अर्ध्या उपासनेत आल्यावर, यायचीच बंद झाली. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. उद्योगी प्रचारक म्हणून माझं नाव झालं.

तेरा वर्षांनी मी पोशेऱ्याला गेलो. मामा अंगणातल्या दगडावर बसलेले, अगदी वाळून गेलेले. मी उभ्या-उभ्याच बोलायला लागलो तर म्हणाले, "टेका आधी."

मी टेकलो. बराच वेळ आम्ही दोघं समोरचं नागलीचं शेत बघत होतो. मग मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुम्हाला मी उठवलं होतं."

"मला ठाऊकच हाय की," मामा म्हणाले. "मला कशाला सांगता? तिला ठाऊक नाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. वाटेत दिसेल त्या दगडावर मामा बसले आणि मीही बसलो. मी एकदाही घड्याळ काढलं नाही. आजीच्या पाड्यावर पोचेपर्यंत उन्हं कलली होती. आजीला आता कमी दिसत होतं. मामा ओढ्यापाशीच थांबले, पुढे आले नाहीत. तिथूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी ओळखलं.

मी तिच्या उंबऱ्याशी खाली बसलो आणि म्हटलं, "आजी, मी मास्तर. तुमचा राब मामांनी सोडला नव्हता. ते झोपले नव्हते. आत विस्तव आहे असं त्यांनी मला सांगितलं होतं, तरी मी धमकावून त्यांना उठवलं, आणि नंतर सगळ्यांसमोर खोटं बोललो. तुमचं घर माझ्यामुळे जळालं. मला क्षमा करा. मामा ओढ्याशी थांबलेत, आजी. तुम्ही हाक मारल्याशिवाय ते यायचे नाहीत."