परळीवरून वळवलेला फोन

आता बटणं दाबली की फोन लागतो, पर मधी मानूस लागतच न्हाई. आमच्या टायमाला सोनपेठच्या फोनघरात सटवाजीभाऊ बसायचा. समोर भोकाभोकाचा बोर्ड, हातात दोऱ्या. आपण गाव सांगायचं, वाट त्यानं शोधायची. हे फोनवाले एकमेकाला गावाच्या नावानंच हाक मारायचे. "गंगाखेड, सोनपेठ बोलायलोय. जेवलास का?" आधी जेवण, मग काम. लय गोड मानूस!

शहाऐंशीच्या पौषात माझी सासू सारजाबाई शेवटच्या घटका मोजायली होती. ल्योकाचं तोंड पाहिल्याबिगर तिचा जीव जाईना. अन् मालक ऊस तोडायला पार कोल्हापूरकडं. मी पळतच फोनघर गाठलं.

तर काय! उसाच्या ट्रकनं गंगाखेडच्या रस्त्यावरचा खांब पाडलेला, लाइन मुकी. मी तिथंच रडायला लागले.

"रडू नको वहिनी," भाऊ म्हणला. "ती वाट बंद तर बंद. परळीवरून जाऊ."

परळीला हाक मारली, परळीनं अंबाजोगाईला, तिथून लातूर, सोलापूर, कोल्हापूर. हरेकाच्या मिन्नती केल्या त्यानं. शेवटी साखर कारखान्याचा कारकून लाइनवर आला. त्याच्याकडं हजार तोडकरी, त्याला नाव पायजे होतं.

"वहिनी, नाव सांग."

आता गं माय! नवऱ्याचं नाव घ्यायचं? माझी दातखीळच बसली. "सारजाबाईचा ल्योक म्हणा," मी पुटपुटले.

"अगं बाई, तिथं सारजाबाईला कोण वळखतंय? लाइन कटायली!"

"सुग्रीव!" वरडलेच मी. फोनघरातली माणसं माझ्याकडं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी मालक आले. सासूनं त्यांच्या गालावरून हात फिरवला अन् दुपारी ती गेली.

पुढं मालक सारखे चिडवायचे, "एवढ्या गावांनी ऐकलं, मीच तेवढा राह्यलो." मी म्हणायचे, "चला, काहीतरीच तुमचं!" पर पुन्हा नाव घेतलं न्हाई.

त्र्याण्णवला आपोआप लागणारे फोन आले. भाऊचा बोर्ड निघणार म्हणून आमी दोघं नारळ घेऊन गेलो. भाऊनं दोरी उचलली, डोळा बारीक केला. "वहिनी, शेवटचा फोन. नाव सांग, लाइन कटायली."

मालक शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडं पाहूनच म्हणलं, "सुग्रीव."

मालकानं भिताडाकडं तोंड फिरवलं अन् धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. भाऊनं दोरी बोर्डावर ठेवून दिली.