तपासणाऱ्याची सही

चार माणसांनी मिळून एखादं काम हातात घेतलं, की काम आपल्या चालीनं होतं आणि किस्से मात्र गाजरगवतासारखे माजतात. आमचं विमान दीड वर्षात पुरं झालं, पण त्याचं सांगायला बसले की मला दोन दिवस पुरत नाहीत. घरी आलेल्या पाहुण्याला मी चहा देते आणि लगेच विमान सुरू करते. त्याचा चहा गार होतो. तेव्हा तुम्ही आधी पिऊन घ्या, मग ऐका.

मी आदिलाबादला बँकेत आहे, पेन्शनच्या काउंटरवर. आमचे हे, म्हणजे मधुकरराव, सर्व्हेयर म्हणून रिटायर झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांचे नकाशे काढले. राजन्ना आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचे कूलर बनवतो. आणि गणपतआबा भीमपूरकडच्या एका खेड्यातले, एअरफोर्सचे पेन्शनर. आम्ही चौघांनी आमच्या पडवीत एक लढाऊ विमान बनवलं. एकाहत्तरच्या लढाईतलं नॅट, लहानसं, एकाच माणसाच्या बसण्याचं. खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे आमचा दीड इंच. नाकापासून शेपटीपर्यंत साडेतीन फूट भरलं. गर्व करू नये म्हणतात. मी करते.

*

आबांची ओळख झाली ती त्यांच्या अंगठ्यामुळं.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते यायचे. काखेत इंग्रजी पेपर. बाकावर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि नंबर आला की डावा अंगठा पुढं करायचे! एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, आबा, एवढा इंग्रजी पेपर वाचता आणि अंगठा काय लावता? सही करा की.

"पेन नाही माझ्यापाशी," आबा म्हणाले.

मी दोरीला बांधलेला पेन त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, म्हणाले की हा तर ब्यांकेचा आहे, आणि अंगठा पॅडवर दाबून मोकळे झाले.

त्याच दिवशी जाताना ते आमच्या जनरेटरपाशी थांबले. मान वाकडी करून ऐकलं आणि वॉचमनला सांगितलं की याचं बेअरिंग चाललं, आठ दिवसांच्या वर काढत नाही. मॅनेजरसाहेब हसले. सहाव्या दिवशी भर गर्दीत जनरेटर बसला, कॉम्प्युटर बंद, पंखे बंद, बाहेर पेन्शनरांची रांग. साहेब घाम पुसत माझ्याकडं आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तो अंगठेवाला म्हातारा कोण होता हो?"

*

म्हातारा कोण होता, ते पुढच्या महिन्यात कळलं. आबा फायटर विमानाचे मेकॅनिक होते. लढाईत होते. मी कौतुकानं चार लोकांना ऐकू जाईल असं बोलले, तर रांगेतला त्यांच्याच गावचा किसन फिसकन हसला. म्हणाला, "म्याडम, तुमीबी कोनाचं आयकून राह्यल्या? अंगठाछाप मानूस इमान काय दुरुस्त करन? पानी भरत होते ते तिथं!"

आबांनी पेपरची घडी केली आणि निघून गेले. मला मात्र असा संताप आला की मी किसनचं पासबुक प्रिंटरमध्ये वाकडं घातलं आणि तीन वेळा काढून पुन्हा घातलं. तसं करायला नको होतं, पण केलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे रिटायर होऊन घरी बसले होते आणि दिवसातून चारदा माझ्या डब्यांची झाकणं मोजत होते. म्हटलं, एक काम आहे. आबांचं विमान बनवायचं, जसंच्या तसं, आणि त्यांच्या गावात नेऊन मधोमध ठेवायचं. हे लगेच टेप शोधायला उठले.

*

पहिला नकाशा ह्यांनी काढला. इंटरनेटवरून मापं उतरवली, आबांना तीन रविवार बसवून विचारलं आणि मोठ्या कागदावर काळ्या शाईत असा सुरेख नकाशा काढला की मी बघतच राहिले. आबांनी चष्मा लावून पाहिला. वरच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण होता. खाली चौहद्दी लिहिलेली होती: पूर्वेस नाक, पश्चिमेस शेपूट, उत्तरेस डावा पंख, दक्षिणेस उजवा पंख.

आबांनी त्या बाणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "साहेब, हे इमान वळलं म्हणजे फेरफार करा लागन का?"

बाण खोडला. चौहद्दी ह्यांनी काही खोडू दिली नाही. अजून आहे.

*

पत्रा कुठून आणायचा हा प्रश्न होता. कूलरचा पत्रा जाड पडत होता. राजन्ना एक दिवस छापखान्यातून वापरलेल्या अॅल्युमिनियमच्या प्लेटा घेऊन आला. कागदासारख्या पातळ, कात्रीनं कापाव्या आणि हातानं वळवाव्या. फक्त त्यांच्यावर आधीच छापलेलं होतं. ती बाजू आत घालायची असं ठरलं.

त्यामुळं आमच्या विमानाच्या पोटात एक मराठी आणि दोन तेलुगू लग्नपत्रिका आहेत. डाव्या पंखाच्या आत एका चिरंजीवाचा मुहूर्त आहे, शेपटीत स्नेहभोजन. मी आबांना घाबरत घाबरत विचारलं, की फायटर विमानाच्या आत असलं चालेल का? आबा म्हणाले की चालते, खऱ्याच्या आत आमीबी खडूनं काय काय लिहून ठेवत होतो, पण ते लेडीजले सांगण्यासारखं नाही.

*

रिव्हेट माझ्याकडं होते. पत्रे जिथं जोडतात तिथं खिळ्यांच्या डोक्यांच्या बारीक ओळी असतात ना, त्या. ब्लाउजचं माप कापडावर उतरवायला दातेरी चाक असतं, ते पट्टीच्या कडेनं पत्र्यावर आतून फिरवलं की बाहेर टिपक्यांची सरळ ओळ उठते. ही माझी युक्ती. महिनाभर ऑफिसमधून आले की पदर खोचून बसत होते. दोन्ही पंख झाले तेव्हा मीच माझ्यावर खूश!

आबांनी डोळे मिटले आणि पंखावरून बोट फिरवलं. ते कधीच डोळ्यांनी तपासत नाहीत. म्हणाले, "म्याडम, रिव्हेट बोटाले लागून राह्यले. पंखावर लागाले नाही पायजे. हवा अडते."

मी म्हटलं, आबा, हे गावात टेबलावर उभं राहणार, कसली हवा अडते? तर ते शांतपणे म्हणाले, की मग बाजारातून प्लास्टिकचं आणा ना, मले काऊन बोलावता.

माझं डोकंच फिरलं. चार दिवस मी पडवीत पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी निमूटपणे दोन्ही पंखांचे पत्रे उचकटले, नवे घेतले, चाक बाहेरून अगदी हलकं फिरवलं आणि वर झिरो नंबरचा पॉलिश पेपर मारला. रविवारी आबांचं बोट नाकाकडून निघालं ते पंखाच्या टोकापर्यंत कुठंही न थांबता गेलं. त्यांनी डोळे उघडून नुसती मान हलवली. बँकेनं मला पंचवीस वर्षांच्या नोकरीची ढाल दिली आहे, पण मी दाखवते ती ही मान हलवलेली गोष्ट.

*

राजन्नानं एकदा सगळ्यांना चकित केलं. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना हवा आत ओढायची तोंडं असतात. राजन्नानं ती सुरेख बनवली आणि सवयीप्रमाणं वर बारीक जाळी ठोकून टाकली, कूलरला ठोकतात तशी! हे कपाळावर हात मारून घेत म्हणाले, अरे, फायटर विमानाला जाळी? राजन्ना म्हणाला, "पिच्चुका जाएगा ना साब, चिमणी. घरटं करेगा."

आम्ही हसत सुटलो. आबा हसले नाहीत. त्यांनी राजन्नाच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की जमिनीवर उभ्या विमानाच्या तोंडाला तेसुद्धा लाल झाकणं लावायचे, पाखरू किंवा पालापाचोळा आत जाऊ नये म्हणून. आणि उडायच्या आधी मेकॅनिकनं ती आपल्या हातानं काढायची. राजन्नानं जाळी काढून दोन लाल झाकणं बनवली. त्या आठवड्यात त्याच्या दुकानावर जो येईल त्याला तो सांगत होता की एअरफोर्सचा आणि त्याचा विचार एकच निघाला.

*

चाकांसाठी इचोड्याला गेलो. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडं ट्रकच्या टायरचे तुकडे पडलेले असतात, त्यातून तीन लहान चाकं कापून घ्यायची होती. त्यानं विचारलं, कोणत्या गाडीची? हे म्हणाले, लढाऊ विमानाची. तो माणूस दिवसभरात काय काय ऐकत असेल कोण जाणे. पापणीसुद्धा न हलवता त्यानं विचारलं, "ट्यूबवाला या ट्यूबलेस?"

*

ह्यांनी एक रजिस्टर केलं होतं. त्रेचाळीस भाग, त्रेचाळीस ओळी. भागाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि शेवटी 'तपासणाऱ्याची सही'. आबा प्रत्येक भाग तपासायचे, नापास करायचे, पुन्हा तपासायचे, 'चालते' म्हणायचे. पण सही नाही. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. आमच्या ह्यांचा सरकारी जीव. कोरा रकाना दिसला की त्यांना घास गिळवत नाही. एका रविवारी त्यांनी रजिस्टर आबांसमोर धरलंच.

आबांनी ते बाजूला ठेवलं आणि सांगायला लागले. नियम असा, की विमान तपासून आधी मेकॅनिकनं रजिस्टरमध्ये सही करायची. तिच्याखाली पायलटची. मेकॅनिकच्या सहीशिवाय पायलट शिडीवर पाय ठेवत नाही. त्यांचा पायलट तरुण होता, खोडकर होता, त्याच्याजवळ कधी पेन नसायचा. लढाईच्या एका सकाळी आबांनी सही केली, पायलटनं त्यांच्याच हातातून पेन घेतला, खाली सही केली आणि पेन आपल्या खिशात टाकून चढला.

"वापस आल्यावर देतो म्हने," आबा म्हणाले. "इमान आलं नाही. तोबी नाही."

चौकशी झाली. आबांच्या कामात काही चूक निघाली नाही, तसं लेखी दिलं. पण विमानाचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. आबांनी स्टोअरला बदली मागून घेतली. नोकरी होती तोवर नाइलाजानं सह्या केल्या, आणि सुटले त्या दिवसापासून अंगठा.

राजन्नानं ड्रिल बंद केलं होतं. ह्यांनी रजिस्टर मिटलं. मला रडू आलं, म्हणून मी चहा टाकायला आत गेले. त्या दिवसापासून मला विमानाचं तेवढं राहिलं नाही. मला तो रकाना भरलेला पाहायचा होता. पण मागायची हिंमत पुन्हा कुणाचीच झाली नाही.

*

सव्वीस जानेवारीला विमान आबांच्या गावच्या शाळेत न्यायचं ठरलं. राजन्नाच्या लोडिंग ऑटोत, माझ्या तीन गोधड्यांत गुंडाळून नेलं. रस्त्यात कापसाच्या गाड्यांना हे हात दाखवून बाजूला करत होते, जणू मिनिस्टर चाललाय.

मैदानात टेबलावर ठेवून गोधडी काढली आणि सगळं गाव पुढं आलं. किसनही होता. आबा पांढरा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून आले. त्यांनी हात करून सगळ्यांना दहा पावलं मागं सरकवलं, हेडमास्तरांनासुद्धा. मग नाकापासून सुरुवात केली. डोळे मिटून डावा पंख, शेपूट, उजवा पंख. चाकं दाबून पाहिली. शेपटीचं सुकाणू दोन्हीकडं हलवून पाहिलं. शेवटी दोन्ही लाल झाकणं काढली, मोजल्यासारखी हातात धरली आणि राजन्नाला दिली. राजन्ना ताठ उभा होता.

"रजिस्टर," आबा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ह्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. आबांनी माझ्याकडं हात केला. मी पर्समधला माझा निळा पेन दिला.

त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एकेका भागाचं नाव वाचायचं, त्या भागाकडं बघायचं आणि सही करायची. इंग्रजीत, बारीक, एका ओळीत बसणारी. त्रेचाळीस सह्या. झेंड्याची वेळ टळून चालली होती, पण हेडमास्तर थांबले.  किसन माझ्या मागं उभा राहून पुटपुटला, "आबाले तं लिवता येते बापा."

आबांनी रजिस्टर ह्यांना परत दिलं आणि पेन आपल्या खिशाला लावून झेंड्यासमोर जाऊन उभे राहिले. पेन माझा होता, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसेल.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आबा बँकेत आले. पेपर वाचला. नंबर आला. मी सवयीनं शाईचं पॅड उघडून समोर सरकवलं.

"म्याडम, ते आत ठेवा," आबा म्हणाले.

मी सांगितलं, आबा, आमच्या रेकॉर्डला तुमचा अंगठाच आहे, सहीसाठी नवं कार्ड करावं लागतं, नमुन्याची सही तीनदा लागते. ते म्हणाले, तीनदा तं तीनदा. मी कार्ड काढलं, रकान्यावर फुली मारून दिली आणि दोरीला बांधलेला पेन उचलून त्यांच्यासमोर धरला.

आबांनी शर्टाच्या खिशाला हात लावला.

"राहू द्या," ते म्हणाले. "पेन हाय माझ्यापाशी."