तारा लावलेली धवलारीण

करावे गावात हळद असली की दमयंती म्हात्रेला बोलावणं ठरलेलं. लग्नात गायचे धवले तिला सासूकडून आले होते, आणि सासू गेल्यापासून ते पुरते येणारी धवलारीण गल्लीत ती एकटीच. "पोरींना रील येतात, धवले येत नाय," असं ती दिसेल त्याला ऐकवायची. आपल्यामागे हे सगळं बुडणार, याचं तिला खरंच वाईट वाटायचं.

अशा बाईने पंचेचाळिशीत दातांना तारा लावल्या, तेव्हा गावाने हसून घेतलं. पण ही काही हौस नव्हती. वरचे दात इतके पुढे की खालचे टाळूला रुतायचे, हिरड्यांतून रक्त यायचं. सीवूड्सच्या डॉक्टर सरोजिनींनी आधी हिरड्या बऱ्या केल्या, मगच तारांचा विषय काढला. दात हळूहळूच सरकणार, दीड-दोन वर्षं जाणार. तार आवळली की काही दिवस दुखेल, टोचली तर मेण लावायचं, कडक काही दातांनी फोडायचं नाही. तारा निघाल्यावरही दात परत फिरू नयेत म्हणून रिटेनर घालायचा.

दमयंतीने एकच विचारलं. "धवला म्हनता येल ना मना?"

"सुरुवातीला जीभ अडखळेल, मग सवय होईल," डॉक्टर म्हणाल्या. झालंही तसंच.

माशी शिंकली ती चिंबोरीपायी. पुतणी ग्रीष्माची हळद तोंडावर आलेली आणि दमयंतीच्या नवऱ्याने, हरेशने, खाडीतून चांगल्या भरलेल्या चिंबोऱ्या आणल्या. कडक म्हणजे चणे, सुपारी, ऊस. ते तिने इमानाने सोडलं होतं. पण खेकड्याची नांगी दाढेखाली फोडणं हे कराव्यातल्या बाईच्या लेखी फोडण्यात येतच नाही. कट्कन आवाज आला. दाढेवर चिकटवलेला ब्रॅकेट निघाला आणि तारेचं टोक गालात रुतायला लागलं.

डॉक्टरांकडे जायचं सोडून ती मेणावर मेण लावत बसली. हळदीच्या सकाळी गाल सुजला, तेव्हा हरेशने तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हातासरशी टोक कापलं.

"त्याच दिवशी का नाही आलात?"

"तुमी रागवाल म्हनून."

"रागावले असते. पण गाल वाचला असता. आता जखम भरेपर्यंत जपा, ब्रॅकेट नंतर लावू."

संध्याकाळी मांडवात दमयंती गायला बसलीच. पहिली कडवी तिने रेटून नेली. पुढे गाल असा ठणकला की आवाज फुटेना. बाकीच्या बायका नुसत्या मागून सूर धरणाऱ्या. पुढचं कुणालाच येईना. ज्याला ती इतकी वर्षं भीत होती, ते तिच्या डोळ्यांदेखत झालं.

तेवढ्यात पुढची ओळ आली, पाटावरून. हळदीने माखलेली ग्रीष्मा मान खाली घालून गात होती. ही ऐरोलीच्या कंपनीत कामाला जाणारी, कायम कानात इअरफोन. लहानपणी काकीचं बोट धरून प्रत्येक हळदीला जायची, एवढंच. शब्द चोख होते, चालही दमयंतीच्या सासूचीच.

"नवरीनं आपला धवला आपनच म्हनाचा नसतो," एक म्हातारी कुरकुरली.

दमयंतीचे डोळे भरून आले. गाल दाबून धरत ती म्हणाली, "म्हनू दे तिला."