बॉनेटवरची खरखर

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर एकही नवीन वस्तू पहिल्या खेपेला पसंत केलेली नाही, आणि या नियमाला खुद्द मीही अपवाद नाही. लग्न ठरायच्या वेळी ते डोंबिवलीहून खास मला बघायला आले. इकडतिकडच्या गप्पा मारता मारता त्यांनी माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चुरगाळून पाहिली, पाठीवरून हात फिरवला आणि निघताना माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "मुलगा बरा दिसतोय. पण एकदा सकाळच्या उजेडात बघू." त्याप्रमाणे पुढच्या रविवारी सकाळी मला पुन्हा दाखवण्यात आलं. त्या खेपेला मी पास झालो, तरी "डावा खांदा जरा उतरता आहे, पण चालेल" हा शेरा बसलाच. माझा डावा खांदा खरोखरच उतरता आहे, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

मामा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. "न बघता सह्या करणारी माणसं नसती, तर आमचं कोर्ट ओस पडलं असतं," असं ते सांगत. त्यामुळे आयुष्यात काहीही घ्यायचं ते बघून, आणि बघायचं ते हातानं, हा त्यांचा बाणा. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नाही. कपबश्या घ्यायला गेले की प्रत्येक कपाच्या कडेवरून बोट फिरवणार, नखानं टिचकी मारून आवाज ऐकणार, आणि दुकानदारानं नव्यानं फोडलेल्या खोक्यातलेही दोन कप बाजूला काढून "हे तुमच्या घरी वापरा" असं सांगणार. मामींच्या साडीखरेदीला गेले, तर पदरापासून निऱ्यांपर्यंत अख्खी साडी त्यांच्या तळहाताखालून जायची. तोवर मामींना ती नेसल्याइतकाच थकवा यायचा. डोंबिवलीतले निम्मे दुकानदार मामांना लांबून येताना पाहिलं की चहाला जातात, असं माझी बायको म्हणते. मी स्वतः एकाला जाताना पाहिलं आहे.

बरं, एवढ्या छाननीतून पार पडलेली वस्तू घरात आली की लगेच प्लास्टिकमध्ये जायची. टीव्हीचा रिमोट पिशवीत, टेलिफोनची डायरी पिशवीत, सोफा तर इतकी वर्षं दुकानातल्याच कव्हरात होता की उन्हाळ्यात पाहुणे उठताना चर्र असा आवाज यायचा. या सगळ्याला मामींनी कधी विरोध केला नाही. एकदाच, फ्रिज दाराच्या फटीपायी तिसऱ्यांदा जिन्यावरून खाली निघाला तेव्हा, त्या हमालांना पाणी देता देता म्हणाल्या, "आमच्या घरात नवी वस्तू माहेरपणाला आल्यासारखी येते. चार दिवस राहते नि परत जाते."

अशीच एक गाडीही परत गेली होती. मामांनी निवृत्तीनंतर हौसेनं बुक केलेली. मामींनी हार आणून ठेवला होता. पहिली चक्कर टिटवाळ्याच्या गणपतीला, हे त्यांच्या मनात वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. पण मामांच्या बोटाला एका दाराचं रबर सैल लागलं, शब्दाला शब्द वाढला आणि बुकिंगच रद्द झालं. मामींनी तो हार देवघरातल्या तसबिरीला घातला. त्यानंतर त्या घरात गाडीचा विषय निघाला नाही. म्हणूनच मी गाडी घेतोय म्हटल्यावर त्यांनी मला फोन करून हळू आवाजात सांगितलं, "जावईबापू, डिलिव्हरीला आम्ही येणार. हे गाडी बघितल्याशिवाय राहायचे नाहीत, ते मला माहितेय. पण ह्या वेळी गाडी परत जाऊ देऊ नका. मला एकदा कोऱ्या गाडीतून टिटवाळ्याला जायचंय."

मी शब्द दिला. मामांच्या बाबतीत असा शब्द द्यायला काय धाडस लागतं, हे त्यांच्याबरोबर साधी कढई घेतलेल्या माणसाला कळेल.

घोडबंदर रोडवरच्या त्या शोरूममध्ये आमची पांढरीशुभ्र गाडी लाल कापडाखाली उभी होती. सेल्समधल्या मुलीनं कापड ओढलं, टाळ्या झाल्या, एका भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसकट आमचा फोटोही झाला. मामा लगेच कागदपत्रं आणि चॅसिस नंबर ताडून बघायला तिच्याबरोबर टेबलाशी गेले. ते तिकडे अंकावर बोट ठेवून वाचतायत, तेवढ्यात मामींनी पर्समधून कुंकवाची डबी काढली, बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब टाकून कुंकू कालवलं आणि बॉनेटच्या मधोमध ठसठशीत स्वस्तिक काढलं. पूजा खरं तर सगळं झाल्यावर करायची. मी काही विचारायच्या आत त्या बोट पुसत म्हणाल्या, "कुंकू लावलेली वस्तू हे परत करायचे नाहीत. तेवढी जनाची नाही तरी देवाची आहे त्यांना." माझ्या मामेसासूबाईंच्या मनात एवढा कट शिजत असेल, याची मला सुतराम कल्पना नव्हती.

मामा परतले. स्वस्तिक पाहून क्षणभर थबकले, मामींकडे पाहिलं. मामी छताकडे बघत होत्या. मग मामांनी गाडीला घालायचा हार ज्या पातळ पिशवीतून आला होता ती उचलली, हातमोज्यासारखी हातात चढवली आणि डोळे मिटून बॉनेटवरून हात फिरवायला लागले. रिमोट, डायरी, सोफा यांच्या सहवासात त्यांचा हात प्लास्टिकमधून वाचायला शिकलेला होता. हात एका ठिकाणी थांबला, मागे आला, पुन्हा गेला.

"खरखर लागतेय," मामा म्हणाले.

"काका, डस्ट असेल ती," मुलगी म्हणाली. "वॉशिंगमध्ये जाईल."

"धूळ पिशवीला चिकटते. ही चिकटत नाही. तुमच्याकडे हल्ली कुठे रंगकाम झालंय का?"

मुलीचा चेहरा पडला. मागच्या यार्डाच्या गेटला आणि जाळीला नुकताच पांढरा रंग मारला होता, तोही स्प्रेनं, आणि आमची गाडी शेजारीच उभी होती. पांढऱ्यावर पांढरे बारीक थेंब, डोळ्यांना काही म्हणता काही दिसेना. मी पिशवीत हात घालून पाहिलं तर टपापासून डिकीपर्यंत सगळी गाडी रव्यासारखी लागत होती. बायकोनं पाहिलं. तोवर शेजारच्या गाडीची डिलिव्हरी घ्यायला आलेल्या कुटुंबातल्या आजोबांनी मिठाईच्या खोक्यातली पिशवी काढली आणि ते स्वतःच्या गाडीवरून हात फिरवायला लागले. त्यांचं बघून तिसऱ्यांनी. पाचेक मिनिटांत त्या झगमगीत शोरूममध्ये सगळी गिऱ्हाइकं हातात पिशव्या घालून डोळे मिटून उभी होती, आणि मॅनेजर केबिनमधून जवळजवळ पळत बाहेर आले.

"सर, गाडी बदलून देतो," ते म्हणाले. "नवीन लॉटमधली. फक्त पंधरा-वीस दिवस लागतील."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. हे वाक्य ऐकायला मामा आयुष्यभर दुकानादुकानांतून भांडले होते, आणि आज ते न भांडता चालत आलं होतं. त्यांनी पिशवी हातातून काढली, तिची घडी घातली, खिशात ठेवली.

"बदलायची नाही," ते म्हणाले. "कुंकू लागलंय. आहे तीच साफ करून द्या. इथेच, माझ्यासमोर."

मग वर्कशॉपमधले एक गृहस्थ कणकेच्या उंड्यासारखा मातीचा गोळा घेऊन आले. त्याला क्ले म्हणतात. पत्र्यावर पाण्याचा फवारा मारायचा आणि तो गोळा हलक्या हातानं फिरवायचा, की रंगाचे थेंब त्याला चिकटून येतात. मामा मागोमाग पिशवी घेऊन. "इथे राहिलंय. आरशाच्या खाली. अहो, जोर नको, माया लावा." ते गृहस्थही हळूहळू रंगात आले आणि काम झालेल्या जागेवर स्वतःच मामांचा हात नेऊन ठेवायला लागले. दुपार टळली. शेवटी बॉनेट उरलं. त्या गृहस्थांनी स्वस्तिक पुसायला फडकं उचललं, तर मामांनी त्यांचं मनगट धरलं.

"तेवढं राहू द्या."

"काका, खाली खरखर राहील."

"राहू द्या. कडेकडेनं करा."

मामींनी चष्मा काढून पदरानं पुसला, आणि तो बराच वेळ पुसत राहिल्या.

टिटवाळ्याला आम्ही संध्याकाळी पोचलो. मामी माझ्या शेजारी पुढे बसल्या होत्या आणि कल्याण येईपर्यंत त्यांनी आपल्या सीटचं प्लास्टिक बारीक आवाज करत थोडं थोडं फाडून पायाशी गोळा केलं होतं. मागून मामा म्हणाले, "कसला आवाज येतोय?" मी म्हणालो, "नवी गाडी आहे, मामा." देवळासमोर उतरताना मामी इतक्या हसत होत्या की फुलवालीनंही काय झालं म्हणून विचारलं.

कुंकू चार धुण्यांत गेलं, खाली हातभर जागेतली खरखर मात्र राहिली. मामा घरी आले की चपला काढायच्या आधी बॉनेटवर तळवा टेकून ती तपासायचे आणि काही न बोलता जिना चढायचे. सगळ्या आयुष्यात त्यांनी चालवून घेतलेला तो एकच दोष, माझा खांदा सोडला तर.

हल्ली साखरेनं त्यांच्या बोटांची जाणीव गेली आहे. कप हातातून निसटतात, कापड कळत नाही. आणि गेल्या सर्व्हिसिंगला कोणा उत्साही माणसानं न सांगता बॉनेट पॉलिश करून आरशासारखं केलं. ते मामांना कसं सांगावं, या विचारात मी होतो, तेवढ्यात रविवारी दोघं आले. मामांनी नेहमीच्या जागी हात ठेवला, थोडा फिरवला, पुन्हा फिरवला. मग मामींना म्हणाले, "अगं, मला काही लागत नाही. बघ बरं, आहे का अजून?"

मामींनी तळवा ठेवला. त्यांच्या लक्षात आलं, हे मला दिसलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग मामांचा हात आपल्या हाताखाली घेऊन बॉनेटवर दाबून धरला.

"आहे की. चांगली खरखरीत आहे."

"असायलाच हवी," मामा म्हणाले आणि समाधानानं जिन्याकडे निघाले. त्यांच्या मागे मी त्या जागेवर हात फिरवून पाहिला. कुठे काही लागत नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.